अर्धाच भरलेला मग

प्रिय बेनो,

तुला ‘प्रिय’ लिहायचं की नाही, यातच माझी सगळी सकाळ गेली. शेवटी लिहिलं. लहानपणापासून तू याच घरात जेवलास, सवय मेली सुटत नाही. पण म्हणून गैरसमज करून घेऊ नकोस. माझा किलियान गेला तेव्हा गाडी तू चालवत होतास. रस्त्यावर बर्फ होता, पोलिसांनी तुझी चूक नाही म्हणून सांगितलं, सगळं मला पाठ आहे. तरी तो गेला आणि तू राहिलास, हे काही माझ्या गळी उतरत नाही.

शुक्रवारी आमच्या दारावर तारा टांगलेला होता. तारा टांगला की बिअर पाजायची पाळी त्या घराची, आणि मग वैरी आला तरी त्याला बाकावर जागा द्यायची, ही आपल्या गावाची रीत. त्या रीतीचा फायदा घेऊन तू आलास, असंच मला वाटलं. तू दारात दिसलास आणि सगळ्यांच्या माना वळल्या. किलियानचा बाप अलोइस तुला मानगूट धरून बाहेर काढणार, याची मला खात्री होती. खरं सांगते, मी वाटच बघत होते. पण तो ग्लास पुसत राहिला. शेवटी म्हातारा हायनरच सरकला आणि म्हणाला, “बस रे बाबा, उभ्याउभ्या प्यायला हे काय रेल्वे स्टेशन आहे?” कुणी हसलं नाही.

मी तुझ्यापुढे ताट आपटलं. धुरावलेलं डुकराचं मांस, कलेजीचं सॉसेज, मीठ लावलेल्या मुळ्याच्या चकत्या, ब्रेड. वर किसलेला तिखट मुळा जरा जास्तच घातला, मुद्दाम. कुणाच्या तरी डोळ्यांत पाणी यायला हवं होतं, आणि ते माझ्या यायला नको होतं. तू मान खाली घालून खात राहिलास. अलोइसनं दिलेला मग तू कधी संपवलास, तुझं तुलाही कळलं नसेल.

आणि मग तू ते केलंस! रिकामा मग उचललास, सरळ पिंपाकडे गेलास आणि तोटी सोडलीस. अरे, पाहुणा कधी आपल्या हातानं बिअर ओततो का? ते काम घरच्यांचं. किलियान आणि तू पाळीच्या दिवशी तेच करायचात, म्हणून तुझे पाय आपसूक तिकडे वळले असतील. पण त्या खोलीत माझ्या मुलाच्या जागी तू उभा होतास, बेनो. माझ्या हातात सुरी होती. ती मी खाली ठेवली. शेजारची गिझेला माझ्या कानाशी पुटपुटली, “काय निर्लज्ज आहे गं!” तेवढ्यात तुझ्याही ध्यानात आलं. चेहरा पांढराफटक पडला तुझा. हातातला मग अर्धाच भरलेला, तो तसाच टाकून तू पळालास. कोटसुद्धा विसरलास.

पुढचं तुला माहीत नाही. अलोइस पिंपापाशी गेला, तुझ्या मगात बराच वेळ बघत राहिला. हायनरला राहवेना, “काय मालक, पोरगं फेसच पाजून गेलं की!” आणि बेनो, अलोइस हसला. म्हणाला, “याला अजून तोटी धरता येत नाही. किलियाननं शिकवलंय ना, तोही असाच फेस करायचा.” दोन हिवाळे त्यानं घरात ते नाव उच्चारलं नव्हतं. मी उच्चारलं की उठून कोठारात जायचा. त्या रात्री मात्र तो किलियानबद्दल बोलत बसला, हायनरशी, गिझेलाशी, अनोळखी गिऱ्हाइकांशीसुद्धा. मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं. तुझा राग आला, तुझ्यामुळे हे झालं म्हणून आणखीच आला.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. पुढच्या गुरुवारी गावच्या भट्टीत बिअर शिजवायची पाळी आमची आहे. ते काम एकट्याचं नाही. गेल्या दोन वर्षांत अलोइस मजुरीवर माणूस घ्यायचा आणि त्याच्याशी चकार शब्द बोलायचा नाही. काल भट्टीवाल्यानं विचारलं, जोडीला कोण? अलोइसनं तुझं नाव सांगितलं. तुला न विचारता! तुला फोन कर म्हटलं तर म्हणतो, “कशाला? येईल तो.” हा माणूस फोन करणार नाही, जीव गेला तरी नाही. तू आला नाहीस तर तिथं एकटाच वाट बघत उभा राहील, आणि ते मला बघवणार नाही. मी तुला माफ केलं, असं मी लिहिणार नाही. खोटं कशाला बोलू? जमेल की नाही ठाऊक नाही, पण तू लांब राहून तर नक्कीच जमायचं नाही. तेव्हा भल्या पहाटे ये. आणि उपाशी ये, नाश्ता आमच्याकडेच आहे.

तुझीच, आणि अजूनही रागावलेली,
बुर्गी काकू