खिट्टीची रिकामी जागा

चांदा,
२८ ऑक्टोबर १९५६

चि. सुगंधाले देवाजीचा आशीर्वाद. आधी सौ. लिहून खोडलं, वर्ष झालं तरी हात ऐकत नाई. तुह्या वहिनीचा खोकला आता बरा आहे. चिमूरकडे धान कसं आहे?

तुह्या शेजारचा वारलू बाजारात भेटला. दसरू जेलात तापानं गेला, अन् तू डोळ्यातून टिपूस काढलं नाई म्हणे. काऊन काढशील? नवऱ्याले मारणारा दीर! पण सुगंधा, त्यानं नाई मारलं.

गेल्या वर्षी दसऱ्याआधी भाऊजींनी, तुह्या मालकानं, ते पलटणीतलं पिस्तूल माह्याकडे साफ कराले आणलं. खोललं तं आत एक खिट्टी नाई. चाप पुरा ओढल्याशिवाय ती घोड्याले, म्हंजे मागच्या हातोडीले, गोळीपर्यंत जाऊ देत नाई. लढाईच्या घाईत माल लवकर निघावा म्हणून कारखान्यानंच ती गाळली. मंग पिस्तूल नुसतं पडलं तरी सुटे. लढाई सरल्यावर हुकूम आला, परत बसवा. पलटणीत म्याच ह्या हातानं शेकड्यानं बसवल्या.

भाऊजींच्या पिस्तुलात बसवाले दोन दिवस लागले असते. मले कंटाळा आला, दुसरं काई नाई. तेल दिलं, बंद केलं, "एकदम झकास" म्हणलं. रिकामं हत्यार पूजत नाई ही तुमच्या घरची रीत, मले ठाऊक होती. तरी "यंदा रिकामं मांडा" एवढं तोंडातून निघालं नाई.

दसरूनं पूजेचा पाट उचलला अन् पिस्तूल घसरून घोड्यावर पडलं, गोळी सुटून भाऊजींले लागली. आवाज ऐकून तू चुलीपासून धावली, तवा त्यानं ते उचललं होतं. भावाभावाचं बोलणं बंदच होतं. त्यानंच गोळी घातली, असं साऱ्यायनं धरलं.

कोर्टात वकिलानं मले विचारलं, "तुम्ही मिस्त्री आहात. चाप न ओढता सुटते का?" मी म्हणलं, "नाई." बंदुका दुरुस्तीचा परवाना जाईन, लोक थुंकतीन, एवढंच डोक्यात. बाहेर दसरू बेड्यांसकट माह्या पाया पडला. "भाऊ, माह्यं बोट नोयतं लागलं. तुमाले तं सारं समजते." मी पान थुंकाले वळलो.

उद्या ठाण्यात जाऊन सांगतो. पण आता कोणाले सोडवाले जाऊ? हे पत्र कोणाकडूनही वाचून घे, गावाले कळू दे.

भाऊबीजेले येत नाई. माह्यासाठी पाट मांडू नको.

तुह्या घरचे दोन माणसं खाल्लेला,
देवाजी