चहाच्या खोक्याचं लाकूड

नाना,

परवा नातवाने विजय नगरच्या बाजारातून गिटारचा ॲम्प्लिफायर आणला. काळ्या रेक्झिनचा डबा, आत भुसा दाबून केलेली फळी. मी सवयीने त्यावर बोटाने टकटक केली, तर म्हणतो, "आजी, टरबूज है क्या?" त्याला काय सांगणार, की असल्याच एका डब्याच्या लाकडावरून आपल्या बापलेकीत अबोला झाला होता.

मध्य भारत हे राज्य तेव्हा नवं नवं होतं. मिलमध्ये मागांच्या खडखडाटात वर्षं काढून तुमचे कान गेले होते. घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं. तुम्ही आमच्या ओठांकडे बघायचात आणि कळो न कळो, "हो हो" म्हणायचात. आई म्हणायची, यांना विचारा सूर्य पश्चिमेला उगवला का, तरी हो म्हणतील. त्यातच मामाने मला मांडीवर आडवी ठेवून वाजवायची हवाईयन गिटार दिली आणि मंडळाच्या गणपतीत माझं वादन ठरलं. ॲम्प्लिफायरशिवाय ते पहिल्या सतरंजीपलीकडे गेलं नसतं. विकतचा परवडणार नव्हता, म्हणून तुम्ही कृष्णपुऱ्याच्या रेडिओ मेकॅनिकला गाठलंत. जुन्या रेडिओचे व्हॉल्व्ह, ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर जुळवायचे त्याने, बाहेरची पेटी करायची तुम्ही.

आधी तुम्ही पत्र्याची केलीत. ती भांडी पडल्यासारखी वाजली. मग किराणावाल्याकडून चहाचं रिकामं खोकं आणलंत आणि त्याच्या पातळ प्लायवुडची पेटी ठोकलीत. मेकॅनिकने अंगठ्याने फळी दाबून पाहिली. "बाबूजी, ये तो खुद थरथराएगी. मोटा सागवान लगाओ. गाएगा स्पीकर, पेटी को तो चुप रहना चाहिए." तुम्ही त्याचे ओठ नीट वाचलेत आणि म्हणालात, "नहीं जी, पेटी बोलनी चाहिए."

माझं डोकंच फिरलं. तुमच्यासमोर उभी राहून एकेक शब्द तोडून म्हणाले, "नाना, सगळा मोहल्ला येणार आहे. त्यांच्यासमोर झणझण करणारं खोकं घेऊन बसू?" तुम्ही म्हणालात, "जाड लाकडात आवाज अंदरच बसून राहतो गं. मला नको तसली." यातला "मला" माझ्या कानावर पडला, डोक्यात शिरला नाही. कान तुमचे गेले होते, पण बहिरी त्या दिवशी मीच होते. मी जेवण टाकलं, बोलणं टाकलं, शेवटी तुम्ही हार मानलीत आणि सुताराकडून सागवानी पेटी झाली.

गणपतीत आवाज काय सुरेख लागला. गोल, स्वच्छ, शेवटच्या माणसापर्यंत. तुम्ही पुढेच बसला होतात, इस्त्रीची टोपी घालून. गाणं संपलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि तुम्ही शेजाऱ्याच्या हातांकडे बघून, जरा मागाहून, वाजवायला लागलात. त्या सगळ्या गर्दीत माझं गाणं न ऐकलेला माणूस एकच होता, आणि ज्याने ते उभं केलं तोच तो. मला रडू आलं. लोकांना वाटलं, पोरगी टाळ्यांनी भारावली.

दुसऱ्या दिवशी मी मेकॅनिककडे जाऊन म्हटलं, सगळं काढून परत चहाच्या खोक्यात बसवा. "सारी मेहनत पर पानी फेर दिया बेटी," म्हणत त्याने बसवून दिलं.

दुपारची वेळ आहे. आई स्वयंपाकघरात तांदूळ निवडते आहे. तुम्ही पाटावर बसून दोन्ही तळवे पेटीवर टेकवले आहेत, मी वाजवते आहे. प्लायवुड अस्सं थरथरतंय की फडताळातले डबेसुद्धा किणकिणताहेत. आवाज म्हणाल तर भयंकर. पण तुम्ही माझ्या ओठांकडे बघत नाही, मान डोलावत नाही, "हो हो" म्हणत नाही. डोळे मिटून बसला आहात. तुमचा असा चेहरा मी आधी कधी पाहिला नव्हता आणि नंतरही पाहिला नाही. मी थांबले तेव्हा तुम्ही हळूच म्हणालात, "भूपाळी ना? माझी आई पहाटे म्हणायची ती. किती वर्षांनी ऐकली." आईचा हात तांदळात थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून म्हटलं, "हो नाना, तीच." तुम्ही आईकडे वळून म्हणालात, "बघ, पेटी बोलली की नाही?"

हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणूनच लिहिते. नाना, ती भूपाळी नव्हती. सिनेमातलं गाणं होतं, तेही चांगलं उडत्या चालीचं. भूपाळी मला तेव्हा येतच नव्हती. तुम्ही परत मागाल म्हणून मी त्याच संध्याकाळी आईकडून शिकून घेतली.