पुडी अजून बांधलेलीच आहे

तीर्थरूप आईस,

धाकट्याचा लांबूनच वाकून नमस्कार. मी मजेत आहे. खोकला आहे थोडा, पण काळजी करण्यासारखा नाही.

पिंजऱ्यातल्या झुंजीसाठी आज वजन झालं, काट्यावर बरोबर उतरलो. त्यासाठी दोन दिवस पाणी पिणं बंद केलं होतं. हे आता सांगतोय, कारण इथवर तुझं ओरडणं ऐकू येत नाही. उद्या सकाळी पुन्हा वजन, रात्री झुंज. तोवर ठरल्यापेक्षा जास्त वाढलं, तर झुंज रद्द. म्हणून पाणीही मोजूनच पितोय. तू म्हणतेस तसं पोटभर जेवण परवा.

दुपारी लघवी तपासणारे गृहस्थ आले. अंगच कोरडं, देणार कुठून? बाटली भरेपर्यंत त्यांना माझ्यावरून नजर हलवता येत नाही, म्हणून तीन तास समोर बसले. मुलाबाळांच्या गप्पा झाल्या. महिन्याभरात माझ्या खोलीत बसलेला हा पहिला माणूस. बाटली भरली तेव्हा मलाच वाईट वाटलं.

तू दिलेली खोकल्याची पुडी त्यांना दाखवली.

"यात काय काय आहे?"

"ते आमच्या आईलाच ठाऊक."

"मग घेऊ नकोस बाबा. बंदीतलं औषध चिमूटभर जरी निघालं, तरी दोन वर्षं घरी बसशील."

घरी बसायचं म्हटल्यावर क्षणभर मोह झाला बघ.

तुझा गुडघा कसा आहे? खरं लिही.

पुडी उशाशी ठेवलीय. वास घ्यायला बंदी नाही. मी विचारून घेतलं.

तुझाच,
धाकटा