मंजुळाबाईच्या दारावरची खूण

टॅम्पेरे, फिनलंड
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय प्रमिलाअक्का,

सलाम. गुडघा कसा आहे तुमचा? सव्वादोन वर्षांत एक फोन नाही आणि आता एकदम परदेशातून पाकीट, म्हणून कपाळाला आठी पडली असेल. पडू द्या. पण पत्र शेवटपर्यंत वाचा.

नर्सिंग कॉलेजने आम्हा चौघींना सहा आठवड्यांसाठी इथे पाठवलंय. घरोघर जाऊन आरोग्यसेवा कशी देतात ते शिकायचं. मी मार्या नावाच्या नर्सबरोबर बर्फातून फिरते. दिवसाला नऊ घरं, बहुतेक एकटी राहणारी म्हातारी माणसं. बीपी, गोळ्या, जखमेची पट्टी, की निघालो. चहा कुणी विचारत नाही. तेव्हा तुमची फार आठवण येते. आपण पाड्यावर पोचायच्या आधीच आरोळी यायची, "नर्सबाई उनी!" आणि चुलीवर आधण चढायचं. मी धापा टाकत मागे. तुम्ही चिडवायच्या, "भुसावळनी पोर शे, टेकडी चढनी का बाटली रिकामी!" शिरपूरच्या वरचे ते पाडे, फील्ड पोस्टिंगचे तीन आठवडे, तुमच्या क्वार्टरमधली कळण्याची भाकर आणि ठेचा. अम्मीच्या हातचंही इतकं आठवत नाही मला. तिला मात्र सांगू नका.

परवा मी एक वेडेपणा केला. एका आजोबांच्या घरून निघताना खिशातली पेन्सिल काढली आणि दाराच्या चौकटीवर तारीख घालून बरोबरची खूण केली. भेट झाली हे मागून येणाऱ्याला कळावं म्हणून आपण खडूने करायचो तशी. मार्याने ती अंगठ्याने पुसली. म्हणाली, या घरात कोण आजारी आहे हे शेजाऱ्यांना सांगणाऱ्या आपण कोण? मी माफी मागितली. मग तिने सहज विचारलं, "आणि कुणी आत न जाताच खूण केली तर?"

मी पेन्सिल खिशात ठेवली आणि तिच्यामागून पुढच्या घराकडे चालू लागले.

अक्का, मंजुळाबाईच्या दारावरची खूण आठवते ना? तिची सून सात महिन्यांची गरोदर होती. तुम्ही खालच्या पाड्यावर लसीकरणाला थांबलात आणि मला वर एकटीला पाठवलंत. दोन दिवसांनी बीपी वाढून सुनेला झटके आले. ती वाचली, मूल गेलं. चौकशीला आलेल्या साहेबांनी विचारलं, खूण कुणाची? तुम्ही म्हणालात, "माझी." बाहेर येऊन माझे डोळे पुसलेत. "रडू नको. नवा हातनी चूक व्हई जास. तुले आजून शिकनं शे." एकोणीस वर्षांचे पाडे सुटले तुमचे. बदलीचा कागद आला तेव्हा मी भुसावळला घरी बसून परीक्षेचा अभ्यास करत होते.

तुम्हाला वाटलं, मी बीपी चुकीचं घेतलं. मी घेतलंच नव्हतं. दाराला कडी होती. शेजारीण म्हणाली, सून कापूस वेचायला गेलीय, नाल्यापलीकडे. अर्ध्या तासाची वाट. माझे पाय दुखत होते, चारची एसटी चुकली असती. मी खूण केली, रजिस्टरमध्ये ११०/७० लिहिलं आणि खाली उतरले. तिचा चेहरासुद्धा मी पाहिलेला नाही. तुम्ही माझी चूक अंगावर घेतलीत असं समजत आलात. ती चूक नव्हती, लबाडी होती.

हे सगळं काल तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना आणि आमच्या प्राचार्यांना माझ्या नावानिशी ईमेलने कळवलं. कदाचित कॉलेजातून नाव कमी करतील. भीती वाटते, खूप वाटते. परत आले की आधी मंजुळाबाईच्या घरी जाईन. ती दारातून हाकलेल, तर तिचं बरोबरच असेल.

तुम्हाला न विचारता कळवलं. विचारलं असतं, तर तुम्ही पुन्हा मला वाचवलं असतंत.

तुमच्या रागाची वाट पाहणारी,
नाजमीन