दाताखालचा दगड

प्रिय ताई,

चारला मीनूला बघायला पाहुणे येणार आहेत. पोहे भिजवायचे सोडून मी ओट्यावर कागद ठेवून तुला लिहीत बसले आहे. कारण आत्ताच आईने मीनूचे सगळे दगड गोणीत भरले आणि मला म्हणाली, "हे मागे नेऊन ठेव वं. अन् तिले सांग, आज तोंडात काही घालू नको म्हणा! लग्न जमेपर्यंत नदीवर जाणंही बंद."

तुझ्या वेळी असंच सांगितलं असतं, तर तू ऐकलं असतंस का?

माझी मीनू तुझ्याच विषयात, भूशास्त्रात, एम.एस्सी. करते. तुझ्यासारखीच कन्हानच्या काठावरून तांबडे वालुकाश्म पिशवीत भरून आणते. तू गेलीस तेव्हा ती रांगत होती. तरी दगड हाती आला की कपची दाताखाली धरते, आणि मान तिरकी करते ती अगदी तुझीच!

आठवतं, लोणच्याच्या बरणीत माती-पाणी घालून तू गदागदा हलवायचीस? आधी खडे बसत, मग वाळू. गढूळपणा सकाळपर्यंत तरंगत राही. "नदी हेच करते, बेबी. थरावर थर. वरच्या ओझ्याने खालचा दाबला जातो, पाण्यातलं लोह फटीत शिरून कणाला कण चिकटवतं. झाला दगड!" नदीवरून आणलेल्या तुझ्या त्या लाडक्या दगडी फरशीवर लाटांच्या वळ्या होत्या. वळीचं टोक जिकडे, ती वरची बाजू, म्हणायचीस. इथे कधीतरी उथळ पाणी हललं होतं.

आणि तो दिवस! तुला बघायला आलेल्यांसाठी तू चहा घेऊन बैठकीत आलीस. मुलाच्या मामाने खिडकीतला तुझा एक दगड उचलून गमतीने विचारलं, "हा गोटा कायचा हो?" तू कपची चावलीस आणि म्हणालीस, "कचकच नाही. चिकणमातीचा आहे."

बाई गं! आठवड्याभरात मोहल्लाभर झालं, मुलगी माती खाते. कुणी म्हणे रक्त कमी आहे, कुणी म्हणे दिवस गेलेत.

ही दगडाची तपासणी असते, एवढं तरी का बोलली नाहीस? बारीक वाळू दाताखाली कचकचते, चिकणमाती लोण्यासारखी सरकते. एक वाक्य, ताई! तू हसलीस आणि कपबशा उचलल्यास. पुन्हा कुणी बघायला आलं नाही. काविळीने तू गेलीस, ती अफवा मात्र राहिली. मला अजून तुझा राग येतो.

थांब, फाटक वाजलं.

*

गेले ते.

मुलाच्या आईने पोह्यांची बशी खाली ठेवली आणि विचारलं, "तुमच्या घरी कोणीतरी माती खात होतं म्हणे?"

मीनूने माझ्याकडे पाहिलं. मी तुझ्यासारख्याच कपबशा उचलू लागले. तेवढ्यात कोपऱ्यातून आई बोलली, "खात नव्हती बाई, चाखत होती. माझी मोठी पोरगी, कुसुम. एम.एस्सी. होती. तुम्ही भाजीचं मीठ चाखून पाह्यता का नाही? तशी ती दगड पाहे."

इतक्या वर्षांत तुझं नाव तिने पहिल्यांदा घेतलं, ताई!

मुलाचे वडील हसले. मुलाची आई हसली नाही. "कळवतो," म्हणून उठले.

मग आईने ओट्यापाशीच राहिलेल्या गोणीत हात घालून एक कपची काढली आणि उरलेल्या दातांत धरली. मीनू ओरडली, "आजी, दात जाईल!"

"जाऊ दे. कचकच करून राहिला वं हा. कायचा होय?"

"बारीक वाळूचा."

"मंग बरोबर सांगे माझी कुसुम," आई म्हणाली, आणि पदर तोंडाशी नेला.

त्यांचा निरोप काहीही येवो, रविवारी मीनू वर्गाबरोबर कन्हानला जाईल. तिचा डबा मी करीन. गोणी रिकामी करते आहे. तुझी फरशी बैठकीत ठेवीन, वळ्यांची टोकं वर करून. कुणी विचारलं तर यापुढे मी बोलेन, ताई.

तुझी,
बेबी