उष्ट्या हाताची गोष्ट

बॉथेल, वॉशिंग्टन
३ नोव्हेंबर २०२५

प्रिय ताई,

नमस्कार. भाऊजींच्या गुडघ्याचे एक्स-रे पाहिले. ऑपरेशनची आत्ता गरज नाही, पण जिने चढणं बंद, आणि हे मी सांगितलंय असं त्यांना सांग, म्हणजे ऐकतील. तुझा फराळ पोचला. चकल्या शाबूत आहेत, अनारशांचा भुगा झाला होता. तो तुझ्या लाडक्या मेहुण्यानं, गिरीशनं, चमच्यानं खाऊन संपवला.

फोन सोडून मी कागद-पेन घेऊन बसले म्हणजे काहीतरी बिनसलंय, असं तुला वाटेल. तब्येती ठणठणीत आहेत. लिहिण्याला कारण आहे, पण त्याच्यापर्यंत मला माझ्या चालीनं येऊ दे.

आधी चांगली बातमी. केयाला दिवस गेलेत. फेब्रुवारीत बाळ होईल, मी आजी होणार. ही बातमी तुला तिच्याकडून नाही, माझ्याकडून कळतेय. ती तीन वर्षं तुझ्याशी बोलत नाही, आणि त्यात तुझा दोष तुला वाटतो त्यापेक्षा बराच कमी आहे.

मागच्या आठवड्यात आम्ही ओशन शोअर्सला जाऊन आलो. समुद्रकाठचं गाव आहे, इथून तीनेक तासांवर. ट्रिप विहीणबाईंची. त्यांचं खरं नाव एर्लिंडा, पण अडुसष्टाव्या वर्षीही सगळे त्यांना बेबी म्हणतात. फिलिपिनो घरांत एक तरी बेबी असतेच म्हणे. आपल्याकडेही नागपुरात दर दोन घरांआड एक बेबीमावशी होती, त्यामुळे तेवढ्यापुरतं मला परकं वाटलं नाही. बेबीच्या दारात चांदणीचा कंदील सप्टेंबरलाच लागतो, कारण त्यांचा नाताळ तेव्हापासून सुरू होतो. आम्ही आकाशकंदील उतरवल्याचं ऐकून ती म्हणाली, तुमचा सण फारच लवकर आटपतो. अगदी कीव आली तिला माझी.

तू मला ओळखतेस. मी दोन दिवसांचं वेळापत्रक करून त्याच्या प्रिंट काढल्या होत्या. पहिल्याच पेट्रोल पंपावर त्यातल्या एका प्रिंटवर कुणीतरी तळलेल्या केळ्याचे रोल ठेवले आणि वेळापत्रक तिथंच संपलं. दोन व्हॅन, अकरा माणसं आणि एक राइस कुकर. मोटेलच्या खोलीत बॅगा उघडायच्या आधी भात लागला. बीचवर जायच्या आधी जेवण, बीचवर खाणं, बीचवरून आल्यावर पुन्हा जेवण. संध्याकाळी गिरीशनं कॅराओकेवर त्याची जुनी हिंदी गाणी म्हटली आणि एक शब्द न कळता सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याला आता पुढच्या सगळ्या ट्रिपांना जायचंय.

त्यांची एक रीत मला तिथं कळली. फिरायला गेलं की मागं राहिलेल्या प्रत्येकासाठी काहीतरी आणायचंच. त्याला पासालुबोंग म्हणतात. रिकाम्या हातानं परतलं तर ट्रिप झालीच नाही असं समजतात. बेबी मिठाईच्या दुकानात पाऊण तास नावं आठवत उभी होती. मी घड्याळ बघायला लागले, तेव्हा केया हळूच म्हणाली, की माझ्या घरातला व्हँकुव्हरचा मग, रीनोची किल्ल्यांची साखळी, लेव्हनवर्थचा लाकडी शिपाई, हे सगळं तिनं नाही, बेबीनं आणलेलं आहे. तीन वर्षांत मी कारणं सांगून टाळलेल्या प्रत्येक ट्रिपचं. मी ते केयाचं समजून साधा थँक यूचा मेसेजही बेबीला केला नव्हता.

मग या वेळी का गेले, ते सांगते. बाळंतपणाला महिनाभर राहायला येते, असं मी केयाला म्हटलं, तर ती म्हणाली, "वी विल सी, आई." तिच्याकडे विहीणबाईंच्या मुक्कामाची खोली मात्र रंगवून तयार होती. ताई, चौतीस वर्षं मी पेशंटच्या नातेवाइकांना 'बघू या' म्हणत आले. त्याचा अर्थ मला कुणी समजावून सांगायला नको. नातवंडाच्या घरात आपल्याला जागा नाही, हे मला दिसलं, आणि मी ठरवलं की ही जागा मिळवायची.

जागा कशानं गेली, ते तुला माहीत आहे. म्हणजे मी सांगितलं तेवढं माहीत आहे.

केयाच्या लग्नानंतरचा पहिला नाताळ. बेबीकडे दुपारचं जेवण. लांब टेबलावर केळीची पानं अंथरून त्यावर भात, मासे, भाज्या मांडलेल्या, आणि सगळे हातानं जेवत होते. मी खूश होते. आमच्या जावयाला, रोमेलला, त्या दिवशी हॉस्पिटलात ड्यूटी होती. तो उशिरा आला आणि मोठ्यांना भेटत फिरला. त्यांच्यात लहानानं मोठ्याचा हात हातात घेऊन, वाकून आपल्या कपाळाला लावायचा असतो. आपला नमस्कारच, फक्त पायांऐवजी हात. गिरीशनं तर वर त्याच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वादही दिला. रोमेल माझ्याकडे आला आणि मी हात मागं घेतला. मी म्हटलं, हात उष्टा आहे, आमच्यात उष्टा हात देत नाहीत. केयानं त्यांना ते समजावलं. रोमेल सॉरी म्हणून दोन पावलं मागं गेला.

मी तुला हेच सांगितलं. तू माझ्या बाजूनं उभी राहिलीस. केयाला हे एवढं मोठं लिहून पाठवलंस, की नवऱ्याला चार रीती शिकव, उष्टं-खरकटं कळत नसेल तर निदान विचारत जा म्हणावं. तुझ्या अनयच्या लग्नात वीसपंचवीस जणांना तू ही गोष्ट ऐकवलीस आणि लोक हसले. मीही तिथं होते. मीही हसले.

त्या नाताळानंतर बेबीकडे कधीही जेवायला गेलं, की माझ्या ताटाच्या उजवीकडे कोमट पाण्याचं वाडगं आणि टॉवेल असतो. इतर कुणापुढं नसतो. आमच्या डोक्तोराच्या, म्हणजे डॉक्टरबाईंच्या, घरची रीत आहे, असं ती पाहुण्यांना सांगते. आणि रोमेल लांबूनच मान हलवतो. "गुड मॉर्निंग, डॉक्टर." तीन वर्षं माझा जावई मला डॉक्टर म्हणतोय.

ओशन शोअर्सला रविवारी सकाळी आम्ही मोटेलच्या ओट्यावर नाश्त्याला बसलो. लसूण घातलेला भात, अंडी आणि सुकट. वास असा, की शेजारच्या खोलीतला माणूस दार उघडून बघून गेला. मी बसायच्या आधीच बेबीनं पिशवीतून वाडगं काढून माझ्या उजवीकडे ठेवलं. घरून आणलं होतं तिनं ते, दोन गाड्यांच्या सामानात जपून. बाकीचे उठून गेल्यावर मी तिला म्हटलं, "बेबी, त्या दिवशी माझा हात स्वच्छ होता."

ती भांडी गोळा करत होती. तिनं वरसुद्धा पाहिलं नाही.

"आय नो, डोक्तोरा. हात तुम्ही धुतलात तेव्हा टॉवेल मीच दिला होता."

मी विचारलं, मग हे वाडगं कशासाठी. तर म्हणाली, पाहुण्यानं जे कारण सांगितलं, ते आमच्या घरात खरं मानायचं. त्याला तोंड लपवावं लागेल असं काही करायचं नाही. मग ताटं एकावर एक रचत म्हणाली, "बट यू आर अ गेस्ट फॉर थ्री इयर्स. इट्स लाँग, नो?"

ताई, आता खरं लिहिते. हात उष्टा नव्हता. जेवण कधीच झालं होतं, मी साबणानं हात धुऊन बसले होते. रोमेल ड्यूटीवरून थेट आला होता, अंगात निळे स्क्रब्स होते. आयुष्यभर त्या कपड्यांतल्या फिलिपिनो नर्सना मी ऑर्डरी दिल्या. त्या चांगल्या होत्या, माझ्यापेक्षा पेशंटला जास्त ओळखायच्या, आणि मी त्यातल्या एकीचंही आडनाव सांगू शकत नाही. बेबीही नर्स होती. माझी मुलगी नर्सच्या घरात गेली आणि नर्सशी लग्न करून बसली, हे मी चारचौघांत हसून सांगत होते, पण मला ते पचलं नव्हतं. त्याचा हात पुढं आला तेव्हा माझा हात माझ्या आधी मागं गेला. आणि लाज झाकायला मी आपल्या आईच्या सोवळ्या-ओवळ्याच्या आड जाऊन लपले. मला त्यात काडीचा रस नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे?

हेच सगळं मी खाली जाऊन रोमेलला सांगितलं. तो व्हॅनमध्ये सामान लावत होता. स्क्रब्सचं, नर्सचं, काही वगळलं नाही. त्यानं कुकर नीट बसवला, मग माझ्याकडे वळला. चिडला नव्हता. म्हणाला, "आय नो दॅट हँड, डॉक्टर. आय वर्क विथ इट एव्हरी डे."

निघताना तो रीतीप्रमाणे सगळ्या मोठ्यांचा निरोप घेत होता. माझ्यापाशी आला तेव्हा मी आपणहून हात पुढं केला, त्यांच्यातले मोठे करतात तसा, पालथा. त्यानं तो हातात घेतला, सरळ केला आणि हस्तांदोलन केलं. कपाळाला लावला नाही. मला फार वाईट वाटलं, ताई. पण मनात नसलेला मान त्यानं दिला नाही, आणि त्यामुळे तो मला पहिल्यांदाच आवडला.

परतताना गाडीत केयाला विचारलं, फेब्रुवारीचं काय. ती म्हणाली, "आधी मावशीला खरं सांग. लिहून. फोनवर तू सब्जेक्ट चेंज करतेस." म्हणून हे पत्र.

तुला राग येईल, आणि तो माझ्यावर येऊ दे. तू माझ्यासाठी भांडलीस आणि भाचीला मुकलीस, ते माझ्या खोट्यापायी. तू मला पाठीशी घालायला बघशील, लहानपणापासून तेच करत आलीस. या वेळी नको. अनयला सांग, आणि लग्नात जे हसले त्यांना सांग, जमतील तेवढ्यांना. केयाला तू स्वतः लिही. माफी माग असं मी म्हणत नाही, ती मागायची पाळी माझी होती. फक्त तिला कळव, की तुला आता सगळं माहीत आहे.

फेब्रुवारीत मी जाणार, हे नक्की. दारातून परत यावं लागलं तर परत येईन आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जाईन. रोज वीस मिनिटांचं ड्राइव्हिंग आहे, रिटायर्ड बाईला तेवढं जमतं. तो मला आई म्हणेल का, ते त्याच्यावर. मला घाई नाही, आणि मी कंटाळणारीही नाही.

पाकीट बंद करण्याआधी हे केया वाचणार आहे. रविवारच्या मराठी शाळेत शिकलेलं तिला अजून येतं, थोडं अडखळत. मग ती ते रोमेलला इंग्लिशमध्ये सांगणार आहे. म्हणून कुठंही सारवासारव केलेली नाही.

भाऊजींना नमस्कार. तुला साष्टांग.

तुझी धाकटी बहीण,
आणि रोमेलची अजून न झालेली सासू,
मृणालिनी