भेट आलेलं औषधांचं पुस्तक

तीर्थरूप बाबा,
इथूनच वाकून नमस्कार.

मी बरी आहे. जेवण अळणी, पण पोटभर मिळतं. तुमचा खोकला कसा आहे? आईला विचारून खरं काय ते कळवा.

ग्रंथखरेदीचं प्रशिक्षण संपत आलं. काल इथल्या ग्रंथालयाच्या तळघरात बाद पुस्तकं पेट्यांत भरत होते. मी विचारलं, "रद्दीत का?" तिथल्या बाई म्हणाल्या, "छे, गरीब देशांना भेट."

बाबा, पेट्या त्याच, निळ्या पट्टीच्या. आपल्या ग्रंथालयात त्या आल्या की तुम्ही हात धुऊन एकेक पुस्तक पुसायचात, उसवलेलं शिवायचात.

सगळ्यात वर, आपल्या कपाटात आहे तेच औषधांचं पुस्तक होतं. आत चिठ्ठी होती: 'मात्रा चुकीच्या, वापरू नये.'

आज भेट नाकारायचं पत्र कसं लिहावं ते शिकवलं. ते बाजूला ठेवून आधी हे लिहायला घेतलं.

एवढं करा. नर्सिंगच्या मुली अभ्यासाला यायच्या आत ते पुस्तक कपाटातून काढा. जुनं झालंय, फाटेल आपोआप, असं म्हणू नका. ते फाटणार नाही. शिवण तुमच्या हातची आहे.

तुमची,
धाकटी